पगार झाल्यावर देऊ!

'जीटीए ६' पुन्हा पुढे गेला, त्या दिवशी आमच्या काचीगुड्याच्या घरात सुतकी वातावरण होतं. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. धाकटा भाऊ नीट जेवलाही नाही. आई म्हणाली, "परीक्षा पुढे गेली की नाचतोस ना रे?"

मला मात्र २०१७ आठवलं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती. धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गा! मी ट्रेलर पाहिला, "आपल्या पुण्याचा गेम!" म्हणत दहा जणांना पाठवला. पैसे? पगार झाल्यावर देऊ म्हटलं आणि राहून गेलं. तिथला नियम कडक: ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही, तर काहीच हाती येत नाही. ती जमली नाही.

तरी ती मंडळी थांबली नाहीत. २०२० मध्ये 'राजी' आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

परवा भावाला तो दाखवला. दोन मिनिटांत निकाल: "ताई, ग्राफिक्स साधेच आहेत." म्हटलं, "आधी खेळ, मग बोल." रात्री एक वाजताही त्याच्या खोलीत दिवा चालू होता.

दोस्तांनो, मोठ्या कंपन्यांचं आपल्यावाचून अडत नाही. छोट्यांचं अडतं, तेही घोषणेच्याच वेळी. पुढच्या वेळी मी पगाराची वाट पाहणार नाही.