झाडू बाईचा, मशीन गड्याचं?

बाईनं अंगण धुतलं की ते 'घरकाम', आणि गड्यानं मशीननं शेड धुतलं की तो 'धंदा'! कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्रेशर मशीननं धुलाई करणाऱ्या कंत्राटदारांच्या मेळाव्याला गेले, तेव्हा हे फार जाणवलं. स्टेजवर पुरुष, मशीन चालवून बघणारेही पुरुषच. बायका होत्या, पण चहाचे कप गोळा करायला. का, तर म्हणे "बायकांना झेपत नाही."

गंमत बघा. तिथं मांडलेल्या एका मशीनवर नाव होतं 'कार्चर'. युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं प्रेशर मशीन १९५० मध्ये काढलं, ते जर्मनीच्या आल्फ्रेड कार्चर यांनी. १९५९ मध्ये ते वारले. पुढं तीस वर्षं ती कंपनी कुणी सांभाळली? त्यांच्या पत्नीनं, इरेने कार्चर यांनी!

धोका आहेच. स्कूटीच्या चाकातल्या हवेच्या पन्नासपट दाबानं हे पाणी सुटतं. हाताला लागलं तर वरून टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र मोठी इजा होते. तडक दवाखाना गाठावा लागतो. पण हा धोका गड्यालाही तेवढाच. त्यावर उपाय म्हणजे नीट शिक्षण, गमबूट आणि चष्मा. 'बाई नको' हा नव्हे.

तेव्हा मैत्रिणींनो, बचत गटानं पापड-लोणच्यावरच का थांबायचं? सफाईच्या कामावर जाताय, तर "आधी मशीन शिकवा," असं ठणकावून सांगा. मशीन येतं तिथं मजुरी वाढते. वाकून कंबर आपली मोडायची आणि वाढीव पैसे मात्र दुसऱ्यानं न्यायचे, हे किती दिवस चालवून घ्यायचं?