विमान किती तासांत पोहोचेल?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, हे गणित बघा. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किमी, वेग ताशी 900 किमी. उत्तर 8 तास. आपण बरोबरची खूण करतो अन् पुढे जातो.

आता समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी 1 वाजता निघालं आणि लंडनच्या घड्याळात 5.30 ला उतरलं. मुलं म्हणतील, साडेचार तास! पण लंडन साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास 10 तासांचा. मग वरचे 2 तास कशाचे? चढता-उतरताना कमी वेग, वळणाचा मार्ग, समोरून येणारे पश्चिमी वारे. परतताना तेच वारे पाठीशी, म्हणून वेळ कमी लागतो.

असं विचारणाऱ्या मुलाला ‘पुस्तकातलंच लिही’ म्हणून गप्प करू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून त्याच्यासोबत शोधा. एक तासिका जास्त गेली तरी चालेल.