देवराईचा जीर्णोद्धार

मावळात पाऊस कमी पडतो, असे कोणी म्हणणार नाही. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तरीही वैशाख उजाडला की डोंगरावरील वाड्यावस्त्यांतील मायभगिनींच्या वाट्याला हंडाभर पाण्यासाठी पायपीट येते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेऊन आळंदीला पोहोचते. तिथे तिच्या पात्रावर तरंगणारा पांढरा फेस २०२४ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिला.

या दुरवस्थेविषयी लोकजागृती व्हावी म्हणून कलेचा आधार घेतला जातो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पालखी सोहळ्यात ‘पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमातून लोककलावंत भारुडे आणि पथनाट्ये सादर करतात. गावोगावी भिंती रंगतात, शाळांत चित्रस्पर्धा होतात. प्रश्न आहे तो कलापथक पुढच्या मुक्कामी गेल्यानंतरचा. मागे गावात काय उरते?

याचे उत्तर मावळच्याच मातीत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. हे काम केवळ राजाश्रयावर उभे राहिले नाही. व्यापारी, भिक्षू, यवन अशा अनेकांनी एकेक खांब दान दिला आणि तशी नोंद खांबावर कोरली. दर्शनी भागातील दाराशी धेनुकाकटच्या सामी या सुताराचे नाव आहे, तसेच सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचेही. ज्याचा भार त्याचे नाव, हा तिथला नियम होता. अशी वाटून घेतलेली जबाबदारी कलेला आधार देते.

देवराईचे रहस्य याहून वेगळे नाही. वनदेवतेच्या कथा आणि गाणी ही तिची कला. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा तिचा नियम. कथेने श्रद्धा रुजवली आणि नियमाने झाड राखले. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विज्ञानाच्या भाषेत मांडले. राईतील पालापाचोळा आणि मुळांचे जाळे पावसाचे पाणी अडवते, जमिनीत मुरवते आणि पायथ्याचा झरा उन्हाळ्यातही जिवंत ठेवते.

आज मात्र श्रद्धेच्याच नावाने या ठेव्यावर घाव पडत आहेत, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमते, सिमेंटचा सभामंडप उठतो, त्याला जागा हवी म्हणून देवाचीच जुनी झाडे तुटतात. कळस झळकतो आणि झरा आटतो. बंगल्यांसाठी डोंगर फोडणाऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर आधी आपल्या हातातील कुऱ्हाड खाली ठेवावी लागेल.

कलावंतांनी मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. तिथेच फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदाचा मान वडाच्या झाडाला मिळाला. तिथे झाडे आधी लागली, संमेलन नंतर भरले, हा क्रम लक्षात ठेवावा असा आहे.

मावळातील कार्यकर्त्यांनी आणि सुजाण कुटुंबांनी हा क्रम अंगीकारावा. जत्रेच्या वर्गणीतील ठरावीक वाटा राईच्या रोपवाटिकेसाठी वेगळा काढावा. प्रत्येक भजनी मंडळाने एक झरा सांभाळावा. देणगीदाराचे नाव फरशीवर कोरण्याऐवजी त्याच्यावर एका झाडाचे पालकत्व सोपवावे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता समिती असावी लागते. विद्यार्थ्यांनी काढलेली राईतील झाडांची चित्रे आणि आजीआजोबांनी सांगितलेली त्यांची नावे तिच्या नोंदवहीत जावीत.

देवळाचा जीर्णोद्धार आपण श्रद्धेने आणि पदरमोड करून करतो. देवराई हेदेखील देऊळच आहे. यंदाच्या जत्रेच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा.