तेलाआधी पाणी

लोकसभेची आचारसंहिता 2024 साली 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला लागला. त्या काळात पोलिसांकडे जमा केलेली परवान्याची बंदूक सुमारे 80 दिवस परक्या ताब्यात राहिली, कोकणात तर काजू-आंब्याच्या ऐन हंगामात, आणि परत मिळाली ती पाऊस दारात आल्यावर. तेव्हापासून निवडणूक कोणतीही असो, वाचकांच्या पत्रांतली तक्रार एकच असते: देताना नळी स्वच्छ होती, घेताना आत खड्डे पडले होते. यातला अर्धा दोष यंत्रणेचा आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार कोणाचे शस्त्र जमा करायचे हे छाननी समितीने पाहायचे असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सापडलेले यांच्याकडे प्रामुख्याने लक्ष द्यायचे असते. प्रत्यक्षात सरसकट नोटिसा निघतात आणि वानर-डुकरांपासून बाग राखणारा शेतकरीही त्याच रांगेत उभा राहतो. आमच्याकडे आलेल्या पावत्यांच्या प्रतींवर बंदुकीच्या बनावटीचे नाव आहे, क्रमांक आहे. नळीच्या अवस्थेबद्दल एक शब्द नाही. महिन्यातून एकदा येऊन तेलाचा हात फिरवू द्या म्हटले, तर ‘तशी तरतूद नाही’ हे उत्तर. शस्त्र ताब्यात घेणाऱ्याने ते सांभाळण्याची जबाबदारीही घेतलीच पाहिजे.

पण उरलेला अर्धा दोष आपला आहे, आणि तो आपल्या तेलाच्या बाटलीत आहे. सफाई, चालू वापरातले वंगण आणि साठवण ही तीन वेगळी कामे आहेत. आपण तिन्हींना एकच बाटली लावतो. ठासणीच्या बंदुकीचेच पाहा. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढतात, पाण्यात विरघळतात आणि खनिज तेलात मुळीच विरघळत नाहीत. बार काढल्यावर नुसती तेलाची चिंधी फिरवली तर राख तेलाखाली झाकली जाते आणि तिथेच लोखंड खात बसते. म्हणून आधी उकळते पाणी. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली की आतून आपोआप सुकते. मग निपल (टोपी बसते तो भाग) काढून त्याचे आटे पुसायचे, कोरडी चिंधी पांढरी निघेपर्यंत गज चालवायचा, आणि नळी कोमट असतानाच तेल द्यायचे. ‘लोखंडाला पाणी कसे लावायचे?’ अशी शंका जुने जाणकारही घेतात. गंज चढतो तो राहिलेल्या ओलाव्याने आणि क्षाराने; धुऊन लगेच सुकवलेल्या नळीला पाण्याचे भय नाही.

घरचे मिश्रण करावे की नाही, हा वाद आम्हाला निरर्थक वाटतो. अमेरिकेत शस्त्रतज्ज्ञ हॅचर यांनी 1947 च्या ‘हॅचर्स नोटबुक’मध्ये लष्करी कारखान्यातले सफाईचे मिश्रण नोंदवले, त्याच धर्तीवर पुढे एड हॅरिस यांनी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचे तेल), रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन आणि अ‍ॅसिटोन समभाग घेऊन ‘एड्स रेड’ तयार केले. जगभरचे नेमबाज ते वापरतात, कारण त्यातल्या प्रत्येक घटकाला काम आहे: टर्पेंटाइन आणि रॉकेल मळ सैल करतात, एटीएफ मागे पातळ थर ठेवते. अ‍ॅसिटोन मात्र दस्त्याचे पॉलिश उडवते आणि लहानशा ठिणगीनेही पेट घेईल इतके ज्वालाग्राही आहे. ते वगळले तरी चालते. टर्पेंटाइन घेताना रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइनच घ्या. झाडाच्या राळेपासून काढलेले हवेत चिकट होते. घटकाचे काम न कळता केलेली भेसळ हीच आपली खरी अडचण आहे. गाडीचे जळके तेल फुकट मिळते म्हणून वापरतात; त्यात आम्लही असते आणि धातूचा चुराही. नुसते रॉकेल मळ काढते, पण उडून गेल्यावर पोलाद उघडे पडते. ‘आमचे आजोबा खोबरेल लावत’ असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की आजोबांची बंदूक रोज हाताखाली होती. खोबरेल 24 अंशांखाली थिजते आणि पडून राहिले की खवट होते.

साठवणीला जाड थरच हवा. एक भाग लॅनोलिन, म्हणजे लोकरीचे मेण, चार भाग मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळवून चिंधीने आतबाहेर पुसा; टर्पेंटाइन उडते, मेण राहते. बंदूक परत आल्यावर बार भरण्यापूर्वी नळी पूर्ण कोरडी करा, कारण आत राहिलेला मेणाचा लपका दाब वाढवतो. एअर रायफलवाल्यांनी यातले काहीही हवेच्या कोठीजवळ नेऊ नये. दाबाखाली खनिज तेल पेट घेते आणि अ‍ॅसिटोन रबरी सील खाते. तिथे फक्त सिलिकॉन तेल.

आता कामाला लागा. पुढची आचारसंहिता लागण्याची वाट न पाहता नळी धुऊन, सुकवून, मेण लावून ठेवा. जमा करताना पावतीवर नळीची अवस्था लिहून मागा. लिहून दिली नाही, तर तसा अर्ज देऊन पोच घ्या. आणि प्रत्येक तालुक्यातून किमान एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या: छाननी माणसागणिक करा, आणि जमा शस्त्राला महिन्यातून एकदा तेल लावू द्या. एकट्या वाचकाची तक्रार फाइलमध्ये राहते. तालुक्या-तालुक्यातून तीच मागणी आली, तर उत्तर द्यावेच लागेल.