आधी पाणी मोजावे

सायकलीवरून दूरचा प्रवास योजताना तरुण मंडळी प्रथम अंतर मोजतात. आमच्या मते प्रथम पाणी मोजावे.

राजस्थानातील श्रीगंगानगर ते बिकानेर हा सुमारे २५० किलोमीटरांचा रस्ता घ्या. महाराजा गंगासिंह यांच्या खटपटीने सतलजचे पाणी १९२७ साली गंग कालव्यातून श्रीगंगानगरच्या प्रदेशात आले, आणि ओसाड रेताडात गहू, मोहरी व कापूस पिकू लागला. ही हिरवळ पाहून प्रवाशास वाटते, येथे पाण्यास काय तोटा? परंतु कालव्याचे पाणी शेतासाठी सोडलेले. ते गाळून उकळल्यावाचून पिणे हितावह नव्हे. मोहरीचे शेत डोळ्यांस सुख देते, सावली देत नाही. शिवाय सुरतगडच्या पुढे वाळूची टेकाडे लागतात व गावे विरळ होत जातात.

यास्तव मुक्काम आधीच ठरवावेत : सुमारे ७५ किलोमीटरांवर सुरतगड, तेथून १०० वर लूणकरणसर, मग ७५ वर बिकानेर. उन्हाळ्यात निघूच नये; डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते, म्हणून फेब्रुवारी बरा. बाटली अर्धी भरलेली असली तरी प्रत्येक वस्तीत ती पुरती भरून घ्यावी.

हे सारे अंतर एका दिवसात तोडण्याची पैज पुष्कळांस मोह घालते. पालकांनी अशा वेळी ‘जाऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘बेत दाखव’ असे म्हणावे. ज्याच्या कागदावर कोठे थांबावयाचे व कोठून परतावयाचे हे लिहिलेले असेल, त्यास आनंदाने निरोप द्यावा. ज्याच्या कागदावर केवळ अंतर असेल, त्याची तयारी अद्याप व्हावयाची आहे.