बोटं त्याची, कपाट आपलं

परवा शनिवारी ऑफिसातला एक मित्र नव्या फ्लॅटच्या इंटिरियरबद्दल विचारायला घरी आला. आता आमच्या जमातीचा माणूस, म्हणजे सोबत लॅपटॉप आणि लॅपटॉपात एक्सेल शीट आलीच. बावीस ओळी! प्लायवुड आयएस ३०३ चं की आयएस ७१० चं मरीन, बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज की साध्या, ड्रॉवरचे चॅनेल किती किलो पेलणारे, सनमायक्याचा शेड नंबर, सगळं होतं. मी म्हटलं, "छान. आणि हे सगळं कापणार कशाने?"

"म्हणजे? कारपेंटर कापेल की."

"हो, पण कशाने?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, कारपेंटर सकाळी दात कशाने घासतो. त्याला दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या शीटमध्येही ती ओळ नव्हती.

तर मुद्दा असा. पुण्या-मुंबईत कुठल्याही नव्या सोसायटीत सकाळी दहाला जिन्यात उभे राहा. कानठळ्या बसवणारा तो किंचाळता आवाज येतो ना, तो बहुतेक वेळा लाकूड कापायच्या यंत्राचा नसतोच. तो मार्बल कटर असतो. नावातच लिहिलंय हो, मार्बल! दगड आणि टाइल कापायला बनवलेलं ११० मि.मी. चकतीचं यंत्र. त्यातली हिऱ्याची चकती काढायची, दातेरी पातं चढवायचं, पातं नीट दिसावं म्हणून कव्हर काढून फेकायचं, आणि झाली आपली "पोर्टेबल करवत". कुणाकुणाच्या यंत्राला पिनसुद्धा नसते, दोन उघड्या वायरी आगकाडीने सॉकेटात खोचलेल्या. त्याच्या जिवावर आपलं मॉड्युलर किचन उभं राहतं.

आता जरा इंजिनियरिंगची डिग्री वसूल करू. मार्बल कटर मिनिटाला साधारण १२,००० फेरे फिरतो. ११० मि.मी. व्यासाला हिशेब केला तर पात्याच्या कडेचा वेग येतो सेकंदाला ६९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर. लाकडासाठी बनवलेली १८५ मि.मी. ची सर्क्युलर सॉ साधारण ५,५०० फेऱ्यांची असते, तिच्या कडेचा वेग ५३ मीटर. दचकल्यावर माणसाचा हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात कटरचं पातं चाळीस वेळा फिरलेलं असतं. तीस दात्यांचं पातं असेल तर बाराशे दाते पुढे गेले. "मी सावध असतो साहेब" या वाक्याचा अर्थ एवढाच.

पण वेग ही खरी भानगड नाहीच. भानगड दात्यांची आहे. हिऱ्याच्या चकतीला दाते नसतात, ती दगड घासत जाते. लाकडाच्या पात्याला दाते असतात आणि ते चावतात. फळी कापताना मागची फट मिटली की पात्याची मागची बाजू त्यात अडकते, वर येणारे दाते लाकूड पकडतात आणि अख्खं यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं. याला किकबॅक म्हणतात. लाकडाची करवत बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून तिला खाली स्प्रिंगचं कव्हर असतं, कापताना आपोआप मागे सरकणारं आणि यंत्र उचललं की पातं झाकणारं. काही करवतींना पात्यामागे फट उघडी ठेवणारी पातळ पट्टीही असते. मार्बल कटरला यातलं काही नाही, कारण दगड त्याला चावायला लावत नाही. बनवणाऱ्याची चूक नाही. त्याने दगडाचं यंत्र बनवलं, आपण ते लाकडाला जुंपलं.

माझ्या घराचं काम करणारे मिस्त्री मूळ राजस्थानचे, पण पंधरा वर्षं पुण्यात. मराठी माझ्यापेक्षा बरं बोलतात. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. चहाचा ग्लास धरताना दिसायचं, मी कधी विचारलं नाही. त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षांचा पुतण्या होता. बेडरूमच्या कपाटाची १८ मि.मी. ची शीट तो जमिनीवर टाकून, एका पायाने दाबून कापत होता. शेवटच्या हातभर कापात शीट खचली, फट मिटली, कटर उसळला. अंगठ्याच्या मुळाशी अकरा टाके.

हॉस्पिटलचं बिल मी भरलं. तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी तो पोरगा हाताला पट्टी बांधून परत हजर. घरी बसला तर रोज कोण देणार? आणि समोर तोच कटर, कव्हर नसलेला.

त्या रात्री मी दोन आकडे शेजारी ठेवले. काम ठरवताना मी घासाघीस करून मजुरीचा दर चौरस फुटामागे २० रुपयांनी खाली आणला होता. ६०० चौरस फुटांचे झाले १२,००० रुपये. बायकोला मोठ्या फुशारकीने सांगितलंही होतं. दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत जाऊन करवतींचे भाव विचारले. मार्बल कटर दोन ते चार हजार. लाकडाची बऱ्यापैकी सर्क्युलर सॉ आठ हजारांच्या आसपास. म्हणजे मी "वाचवलेल्या" पैशांत एक चांगली करवत, दोन पाती, गॉगल आणि मास्क आले असते आणि वर सुटे पैसे उरले असते. साडेसहा लाखांच्या कामात आठ हजार म्हणजे सव्वा टक्का. सव्वा टक्का हो! तेवढ्यात तर आपण झुंबराचा रंग बदलतो.

आता नेहमीची उत्तरं.

पहिलं: "ते लोक तीस वर्षं असंच करतात, काही होत नाही." हे आमच्या धंद्यातलं "माझ्या मशीनवर चालतंय" झालं. ज्यांना झालं ते आज तुमच्या घरी कामाला येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला दिसत नाहीत. आणि जे येतात त्यांची बोटं एकदा मोजा.

दुसरं: "मोठी करवत जड पडते, स्कूटरवर नेता येत नाही." हे मात्र खरं आहे, आणि याची टिंगल करणाऱ्याने चार मजले शीट चढवून दाखवावी. मार्बल कटर हलका, एका हातात मावणारा, कपाटाच्या आत शिरून कापणारा. मिस्त्री मूर्ख नाहीत, त्यांनी हाताशी असलेल्यातलं सोयीचं यंत्र निवडलं. पण म्हणूनच लहान करवतींकडे बघायला हवं. घरातल्या फर्निचरचं बहुतेक काम १८ मि.मी. च्या प्लायचं. दोन शीट एकावर एक ठेवल्या तरी ३६. त्याला ६५ मि.मी. खोल कापणारं धूड कशाला? चार-साडेचार इंची पात्याची, खाली स्प्रिंगचं कव्हर असलेली छोटी सर्क्युलर सॉ पुरते. मात्र काप किती खोल जातो ते खोक्यावर वाचून घ्यायचं. बॅटरीवाली १६५ मि.मी. ची असेल तर वायरीचं लचांडही जातं, फक्त चांगल्या कंपनीची दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट वीस हजारांच्या पुढे जाते. दाराची सागवानी चौकट चार बाय अडीच इंची असते, तिथे मात्र १८५ ची लागते. म्हणजे काम बघून यंत्र, यंत्र बघून काम नाही.

तिसरं: "कटरने सनमायका स्वच्छ कापला जातो, करवतीने कडा उडतात." अर्धसत्य. कडा उडतात त्या चोवीस दात्यांचं फाडायचं पातं लावून सनमायका कापल्यावर. प्लायला चाळीस ते साठ दात्यांचं पातं लावा. हातातल्या करवतीचे दाते खालून वर कापतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. पातं शीटच्या खाली दात्याएवढंच बाहेर राहील असं खोलीचं स्क्रू बसवा. सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून तिच्या कडेने चालवा. चारही फुकटातल्या गोष्टी आहेत, पातं सोडून. आणि कुठलंही पातं घेताना त्यावर छापलेले कमाल फेरे बघा. यंत्राचे फेरे त्याहून जास्त असतील तर ते पातं त्या यंत्राला लावायचंच नाही. मार्बल कटरच्या बाबतीत हा आकडा कुणीही बघत नाही.

चौथं, आणि हे माझ्या मित्राचंच: "करवत घेऊन दिली तरी ते कव्हर तारेने बांधून ठेवणार." ठेवतील. कारण कव्हर अडतं, वेळ जातो, आणि आपण पैसे चौरस फुटावर देतो, वेळेवर नाही. ज्या दराने काम करायचं त्यात सावधपणाला जागाच ठेवायची नाही आणि मग सावध नाहीत म्हणून ओरडायचं, ही आपली जुनी खोड. ऑफिसात टेस्टिंगचे दिवस कापून रिलीजची तारीख अलीकडे आणणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये शिव्या घालतो. घरी आलो की आपणच तो मॅनेजर.

धुळीचं तर बोलायलाच नको. लाकडाचा बारीक भुसा कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात टाकून सांगितलंय. फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात, आणि प्लाय-एमडीएफच्या डिंकात ते असतं. लाकडाच्या बऱ्याच करवतींना मागे भुशाचं तोंड असतं, त्याला व्हॅक्युमचा पाइप लागतो. कटरचा भुसा थेट नाकात. आपण काम चालू असताना साइटवर जातो ते रुमाल धरून, पाच मिनिटं. तो तिथेच जेवतो.

आणि हो, कॉन्ट्रॅक्टर नावाचा मधला माणूस. थ्री-डी रेंडरिंग दाखवताना याच्याकडे झुंबरातल्या बल्बचं तापमानसुद्धा असतं. हत्याराचं विचारलं की "ते लेबरचं असतं सर." म्हणजे नफा याचा, कपाट आपलं, आणि यंत्र आणि बोटं लेबरची. कोटेशनमध्ये खिळ्यांची ओळ असते, करवतीची नसते. ती नसते कारण आपण मागत नाही. प्लायचा ब्रँड मागायला शिकलो, तर हेही शिकता येईल.

गेल्या दिवाळीनंतर ताईच्या फ्लॅटचं काम त्याच मिस्त्रींना दिलं. कागदावर तीन ओळी जास्त लिहिल्या. लाकूड कापायला मार्बल कटर साइटवर आणायचा नाही. करवतीचे पैसे आमचे, काम संपल्यावर करवत मिस्त्रींची. सॉकेटला पिन आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपचं ईएलसीबी. दर मी घासला नाही. भाऊजी म्हणाले, "तुझ्या समाजसेवेने माझं बिल वाढतंय." वाढलं, आठ-नऊ हजारांनी. मिस्त्री पहिले चार दिवस कुरकुरले, हात बसेना म्हणाले. एकदा मी गेलो तेव्हा कव्हर तारेने बांधलेलंच होतं. त्यावरून आमची चक्क वादावादी झाली. पुतण्याने पुढे होऊन तार काढली, काही न बोलता. त्याचा अंगठा अजून पूर्ण वळत नाही.

मित्राच्या शीटमध्ये आता तेविसावी ओळ आहे. खर्चाच्या रकान्यात त्याने "बघू" लिहिलंय.

असो. तुमच्याकडे काम निघणार असेल तर तुम्ही तिथे "बघू" लिहू नका, आकडा लिहा.