उशिरा गवसणाऱ्या मालिका आणि जतनाचा प्रश्न

नवी दिल्ली : ज्येष्ठ अभिनेते सतीश शाह यांचे २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या दीर्घ कारकिर्दीतील एका भूमिकेची आठवण सर्वाधिक निघाली. ती भूमिका होती ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या मालिकेतील इंद्रवदन साराभाई यांची. ही मालिका २००४ ते २००६ या काळात स्टार वन वाहिनीवर प्रथम दाखवली गेली. त्यावेळी प्रेक्षकसंख्येच्या मोजणीत तिला फारसे यश लाभले नव्हते. तिची खरी लोकप्रियता पुढील दशकात, पुनर्प्रसारणातून आणि आंतरजालावरील भागांतून वाढत गेली. या उशिरा आलेल्या प्रेक्षकांच्या बळावरच २०१७ मध्ये तिचे दुसरे पर्व, दूरचित्रवाणीऐवजी हॉटस्टार या ओटीटी मंचावर, प्रदर्शित झाले.

प्रसारणानंतर अनेक वर्षांनी मालिका गवसण्याचा हा अनुभव जगभर आढळतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे चित्रण करणारी ‘द वायर’ ही मालिका २००२ ते २००८ या काळात बेताच्या प्रेक्षकसंख्येवर चालली आणि तिला एकही एमी पुरस्कार मिळाला नाही. आज श्रेष्ठ मालिकांच्या चर्चेत तिचे नाव अग्रभागी असते. ‘सूट्स’ ही वकिली विश्वावरील मालिका २०१९ मध्ये संपली होती. मात्र ओटीटी मंचावर आल्यानंतर २०२३ या एका वर्षात अमेरिकी प्रेक्षकांनी ती सुमारे ५,७७० कोटी मिनिटे पाहिल्याची नोंद नील्सन या मापन संस्थेने केली. पहिल्या प्रसारणातील प्रतिसाद हा एखाद्या कलाकृतीवरचा अंतिम निकाल नसतो, हे या उदाहरणांवरून दिसते.

मात्र अशा पुनर्शोधासाठी केवळ प्रेक्षकांची रुची पुरेशी नसते. मालिकेची सुस्थितीतील प्रत शिल्लक असावी लागते आणि ती दाखवण्याचा हक्क कोणाकडे आहे, हे स्पष्ट असावे लागते. यांपैकी एकही बाब नसल्यास उत्तम मालिकाही नव्या पिढीपर्यंत पोहोचत नाही.

प्रतींचा प्रश्न जुना आहे. चुंबकीय फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक देशांतील प्रसारण संस्थांमध्ये होती. ब्रिटनच्या बीबीसीने याच पद्धतीमुळे ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग गमावले. त्यांपैकी नऊ भाग २०१३ मध्ये नायजेरियात सापडले. ज्या फिती वाचल्या, त्यांनाही काळाची मर्यादा आहे. फितीवरील लेप सुटू लागतो आणि त्या वाचणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत जातात. म्हणूनच युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनिचित्र अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत चुंबकीय फितींविषयी धोक्याचा इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला. नियमित वापरात फिती वाचता येण्याची शक्यता २०२५ च्या सुमारास संपुष्टात येईल, असे तज्ज्ञांचे मत त्यामागे होते.

भारतात या ठेव्याचे मोल २०२० मधील टाळेबंदीत ठळकपणे दिसले. नव्या मालिकांचे चित्रीकरण थांबले असताना २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे पुनर्प्रसारण सुरू झाले. ‘महाभारत’, ‘चाणक्य’, ‘ब्योमकेश बक्षी’ या मालिकाही परतल्या. बार्कच्या आकडेवारीनुसार त्या पहिल्याच आठवड्यात दूरदर्शनची राष्ट्रीय वाहिनी देशात सर्वाधिक पाहिली जाणारी वाहिनी ठरली. १९८७ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा असंख्य प्रेक्षकांसाठी हे पुनर्प्रसारण म्हणजे पहिलीच भेट होती. त्याच एप्रिल महिन्यात डीडी रेट्रो ही स्वतंत्र वाहिनीही सुरू करण्यात आली. या मालिका तातडीने दाखवता आल्या, कारण त्यांच्या प्रती उपलब्ध होत्या.

हक्कांचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. दूरदर्शनच्या सुवर्णकाळातील काही कार्यक्रम स्वतः दूरदर्शनने निर्माण केले, तर काही प्रायोजित पद्धतीने खासगी निर्मात्यांनी बनवले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकृतीचे स्वामित्व प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. त्यामुळे १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’सारख्या मालिकेचे पहिले वर्षही २०४४ अखेरपर्यंत संरक्षित राहते. दरम्यान निर्माते निवर्ततात, संस्था बंद पडतात, करारपत्रे गहाळ होतात. अशा वेळी फीत सुरक्षित असूनही ती दाखवण्याची परवानगी कोणाकडे मागावी, हे ठरवणे अवघड होते.

कायद्यातील पोकळीही लक्षणीय आहे. १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीतील नियोजित ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. हा कायदा पुस्तके व नियतकालिकांपुरता मर्यादित असून दूरचित्रवाणी मालिका त्याच्या कक्षेत येत नाहीत. फ्रान्सने १९९२ मध्येच नभोवाणी व दूरचित्रवाणी कार्यक्रम राष्ट्रीय संग्रहात जमा करण्याची कायदेशीर तरतूद केली. तेथे हे काम राष्ट्रीय ध्वनिचित्र संस्था पाहते.

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच सुरू केला आणि त्यावर जुन्या मालिकांना स्थान दिले. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी ओटीटी मंच म्हणजे अभिलेखागार नव्हे. मंचावरील यादी मागणी आणि करारांनुसार बदलते. अभिलेखागाराला आज मागणी नसलेली फीतही सांभाळावी लागते. ‘रामायण’ कोणीतरी जपणारच. खरी कसोटी प्रादेशिक केंद्रांवरील मराठी, कन्नड, असमिया वा ओडिया कार्यक्रमांची आहे, कारण त्यांचा प्रेक्षक संख्येने लहान असतो.

जतन झालेल्या फितींची जाहीर सूची, हक्कधारकांची नोंद आणि विविध भारतीय भाषांतील उपशीर्षके एवढे झाले, तरी मोठा पल्ला गाठता येईल. ‘साराभाई’चे भाग शिल्लक होते, म्हणून सतीश शाह यांना दहा वर्षांनी नवे चाहते मिळाले. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेत याच अभिनेत्याने भागागणिक वेगवेगळी पात्रे रंगवली होती. उद्याचा प्रेक्षक ती पाहू शकेल की नाही, याचा निर्णय फिती वाचण्यायोग्य आहेत तोवरच घ्यावा लागेल.